पोकळ वाजणाऱ्या पट्ट्या

अहेरीकडच्या त्या पुलाचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं. पुलाची तपासणी माझ्याकडे होती. जुना स्लॅब कमजोर झाला म्हणून त्याच्या पोटाला लोखंडी पट्ट्या खास रासायनिक गोंदानं चिकटवल्या होत्या. वरून खनिजाचे भरलेले ट्रक दिवसरात्र जायचे. प्रत्येक ट्रकागणिक स्लॅब किंचित वाकायचा, पुन्हा सरळ व्हायचा. त्या वाकण्यानं गोंद सुटत चालला होता. हातोडी मारली की घट्ट पट्टी ठण्ण वाजते, सुटलेली पोकळ वाजते. त्या दिवशी निम्म्या पट्ट्या पोकळ वाजल्या.

माझी बायको पलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स. तिची बस रोज याच पुलावरून जायची आणि यायची.

मी आमच्या खात्याच्या साहेबांना म्हटलं, पट्ट्या पुन्हा चिकटवेपर्यंत ट्रक थांबवा. त्यांनी काय केलं? एक भरलेला ट्रक पुलाच्या मधोमध उभा केला, चहा घेतला, ट्रक काढला आणि वर नारळ फोडला!

"काऊन घाबरून राह्यले भाऊ? इतका माल उभा होता, काही झालं का? नाई ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सळया बांधायची तार उचलून मी जोरानं ओढली. तुटली नाही. मग चारदा इकडेतिकडे वाकवली, तुटली. साइटवर पक्कड नसली की सगळे तार अशीच तोडतात, साहेबसुद्धा.

"तार अन् पूल सारखा असते का?" ते हसले.

निघताना आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "तू गाडी घे पलीकडं. मी येतो पायी. ते दोन ट्रक जाऊ दे पहिले." ट्रक गेले. मग साहेब कठड्याला धरून भरभर चालत गेले. इतका संताप मला कधीच आला नव्हता. म्हणजे कळत होतं या माणसाला!

मी माझी जीप पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. पलीकडे बस आली होती. मी ओरडून बसच्या ड्रायव्हरला तिथंच थांबवलं. माणसं उतरून पायी येऊ लागली, त्यांत माझी बायकोही होती.

"जीप काढा!" साहेब पलीकडून ओरडले.

"काढतो साहेब! भरल्या ट्रकामागं गाडीत बसून तुम्ही इकडं या, मग काढतो!"

ते आले नाहीत.