भाचीला उचलायचं होतं

चिखलीत मला सगळे पैलवान म्हणतात. मी कुस्ती कधी खेळलो नाही, कोणाची पाठ मातीला लावली नाही. मी लोखंड उचलायचो. खांद्यावर घेऊन बसायचं आणि उठायचं, छातीवरून वर ढकलायचं, जमिनीवरून उचलायचं, एवढाच तो खेळ. त्याला पॉवरलिफ्टिंग म्हणतात हे सांगून सांगून तोंड दुखलं. कंबर तर आधीपासूनच दुखत होती. शेवटी म्हटलं, पैलवान तर पैलवान.

कुस्तीला गाव लोटतं, हलगी वाजते. आमच्या स्पर्धा कुठल्यातरी लांबच्या शहरात, एखाद्या हॉलमध्ये व्हायच्या, आणि बघणारेही बहुतेक खेळणारेच. माझ्या घरच्या एकाही माणसानं मला वजन उचलताना कधी पाहिलं नाही. मी कधी या म्हटलं नाही आणि यायला कोणाला सवडही नव्हती. आई माझी पदकं देवाजवळ ठेवायची आणि शेजारणींना सांगायची की पोरानं काहीतरी जिंकलं. ते काहीतरी म्हणजे काय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाचं म्हणाल तर मुलीकडचे यायचे, घरातला अंड्यांचा ट्रे बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. पुढे तेही यायचे थांबले.

आता मणक्यातली गादी सरकली आहे. डावा पाय मधेच बधिर होतो. रक्तदाबाची गोळी आहे ती वेगळीच. डॉक्टरांनी भरलेली बादलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं आहे. त्यामुळे जिममध्ये खुर्ची टाकून बसतो आणि दुसऱ्यांना शिकवतो. त्यातला एखादा विचारतो, सर, एवढं करून परवडलं का? मी म्हणतो, पाठ सरळ ठेव. कारण खरं उत्तर विचित्र आहे. वजनांचा बार जमिनीवरून सुटतो त्या क्षणी डोक्यात काहीच उरत नाही, आई नाही, नोकरी नाही, उद्या नाही. तेवढ्यासाठी मी परत सगळं करीन. आणि संध्याकाळी खोलीवर आलो की बुटाची नाडी सोडायला वाकता येत नाही, तेव्हा स्वतःला शिव्याही घालतो. दोन्ही खरं आहे.

तर माझी मोठी बहीण दुसरबीडला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीला मामा उचलून मांडवात आणतो. मी तिचा एकुलता एक सख्खा मामा. बहिणीनं फोनवर तारीख सांगितली, जेवणाचं सांगितलं, आणि मग जरा थांबून म्हणाली, "तुले जमन का रे, भाऊ? नसन जमत तं तसं सांग."

तिच्या मनात माझ्या जागी आमचा चुलतभाऊ होता हे मला कळलं. तो किराणा दुकान चालवतो आणि जिना चढताना धापा टाकतो. मला इतका राग आला, की "मले काय धाड भरली?" म्हणून मी फोन ठेवला. राग बहिणीवर नव्हता. आयुष्यभर अनोळखी लोकांपुढे वजनं उचलली, आता एकदा माझ्या माणसांनी मला उचलताना पाहावं, एवढंच मला हवं होतं. आणि तेवढंही मिळणार नाही की काय अशी धास्ती होती.

मग मी जे कोणी शहाणा माणूस करणार नाही ते केलं. भाचीच्या वजनाचं गव्हाचं कट्टं, म्हणजे भरलेलं पोतं, विकत आणलं आणि खोलीत सराव सुरू केला. कट्ट्याला दोन्ही हातांनी कवळा घालून उभा राहायचो, चार पावलं टाकायचो. काही दिवस जमलंही. एका दुपारी ठेवताना पाय गेला आणि मी कट्ट्याशेजारी फरशीवर आडवा झालो. फोन टेबलावर. हाक मारावी असं आसपास कोणी नव्हतं. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा कुठे कुशीवर वळता आलं. घाबरलो होतो, पण त्याहून जास्त लाज वाटली. तरी बहिणीला काही कळवलं नाही.

लग्नाला एसटीनं गेलो. बसलं की कळ येते, म्हणून दुसरबीडपर्यंत दांडी धरून उभाच होतो. शेजारची बाई दोनदा म्हणाली बसा, मला पुढे उतरायचंच आहे.

मांडवात लोक जमले होते. जो तो म्हणे, आज काय, पैलवान मामा आहे, फुलासारखी आणील. मी हसत होतो. हळूच कंबरेचा पट्टा आवळून घेतला, अंगरख्याच्या आत. घटका जवळ आली तशी बहिणीनं मला आतल्या खोलीत पाठवलं. भाची पाटावर बसली होती, मुंडावळ्या बांधलेली. माझ्याकडे बघून हसली आणि मी जागच्या जागी थांबलो. तिचे ओठ पांढरे पडले होते, कडा फुटल्या होत्या, डोळे खोल गेले होते. मला ते ओठ ओळखीचे होते. स्पर्धेआधी खेळाडूचं वजन मोजतात. ठरल्या वजनात बसायचं म्हणून आम्ही आदल्या दिवसापासून पाणी तोडायचो, तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. वजनकाट्यासमोरच्या रांगेत सगळ्यांचे ओठ असेच असायचे. ती लहान असताना हे मी तिला मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं.

मी विचारलं, कधी जेवलीस? खाली बघत तिनं सांगितलं. महिनाभर रात्रीचं जेवण बंद केलं होतं तिनं, आईला कळू न देता. आणि कालपासून पाणीही नाही.

"तुह्या कंबरेले तरास होईन म्हणून," ती म्हणाली. "थोडीशी हलकी झाली ना मी?"

मी माठातलं पाणी आणलं. ती नको म्हणत होती. मी पेला तिच्या ओठाला लावला, तिनं एका दमात संपवला, मग स्वतःच आणखी मागितला. पोरीला किती तहान लागली होती!

"झाली आता मी पुन्हा भारी," ती म्हणाली.

"तू भारी नाही, माय. माह्याच्यानंच उचलणं होत नाही आता."

हे वाक्य मी तोवर कोणासमोर म्हटलं नव्हतं, डॉक्टरांसमोरही नाही. बाहेर जाऊन चुलतभावाला हाक मारली. त्यानं तिला उचललं. पाठ वाकवून, गुडघे ताठ ठेवून, सगळं चुकीचं. मी तोंडाशी आलेलं गिळलं. मांडवात टाळ्या पडल्या. एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. कोणी थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मामानं नवरीच्या मागे उभं राहायचं असतं, तेवढा मी राहिलो.

पाठवणीच्या वेळी भाची एकेकाच्या गळ्यात पडून रडली. आईच्या, आत्याच्या, माझ्या चुलतभावाच्या. आपल्याकडे लेकी रडतात तशीच, अंग टाकून, समोरच्यानं सांभाळलं नाही तर कोसळेल अशी. मग ती माझ्यापाशी आली. मी हात पसरले. तिनं माझ्या मानेभोवती हात ठेवले, कपाळ खांद्याला लावलं आणि रडली. पण पाय जमिनीवर घट्ट रोवून. अंगाचा जरासाही भार तिनं माझ्यावर येऊ दिला नाही.