फॅमिलीच्या खणात

सिंगापूरमध्ये चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकजवळ डीव्हीडींचं एक छोटं दुकान होतं. लोक फोनवर सिनेमे बघायला लागले, तरी तिथला म्हातारा चिनी अंकल रोज दुकान उघडायचाच. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पण डिस्क धरावी तर त्यानेच! फक्त कडांना बोटं लावायचा आणि चष्म्याच्या फडक्याने हलकेच पुसायचा.

एकदा तिथे मला एक जुना ब्रिटिश सिनेमा दिसला, दोन पुरुषांच्या प्रेमाचा. पुण्यात कॉलेजला असताना त्याची खराब कॉपी मी आवाज बंद करून पाहिली होती. आता तो नव्याने साफसूफ होऊन डिस्कवर आला होता, आणि अंकलने तो चक्क 'फॅमिली'च्या खणात ठेवला होता.

आजूबाजूला बघत मी हळूच म्हणालो, "अंकल, हा चुकीच्या खणात पडलाय."

त्याने चष्मा वर सारला. "मी पाहिलाय, लाह!" तो तिथल्या लोकांसारखा 'लाह' जोडत खणखणीत आवाजात म्हणाला. "दोघं एका घरात राहतात, भांडतात, एकमेकांसाठी जेवायचे थांबतात. फॅमिली नाही तर काय?"

सगळं दुकान ऐकत होतं. असा आवाज माझा कधी लागलाच नव्हता.

मी पिशवी मागितली नाही. कव्हर दिसेल अशी डिस्क हातात धरून घरी आलो.

ज्याला मी सहा वर्षं आईसमोर 'रूममेट' म्हणत होतो, तो जेवायचा थांबला होता.