मामांची खडी

रुळांखालच्या खडीवर इतकी माया करणारा माणूस निजामाच्या सबंध मुलखात दुसरा झाला नसेल. ते आमच्या आत्याचे यजमान; आम्ही त्यांना मामा म्हणत असू. येडशीच्या स्टेशनाजवळ त्यांचं किराणा दुकान होतं, पण गिऱ्हाईक गुळाला आलं तरी मामा त्याला आधी रुळांकडे नेत आणि खडीवर तळहात ठेवायला लावत. "गाडीचं वजन रूळ खालच्या आडव्या स्लीपराला देतो अन् स्लीपर खडीला. खडी ते आपसात वाटून घेती. पाणी खाली सोडती, गवताला थारा देत न्हाय. सुटी हाय म्हणून टिकती, जखडली असती तर कवाच फुटली असती." बार्शीला निघालेल्या एका पाहुण्याला हे सांगता सांगता त्यांनी त्याची गाडीच चुकवली. ती डोळ्यांदेखत निघून गेल्यावर म्हणाले, "बघा, रूळ जाग्यावरून हलला का जराबी?"

मग खडी घरात आली. रांजणाखाली ठीक होतं, पण म्हशीखाली पसरली तेव्हा म्हैस रात्रभर उभी राहिली आणि सकाळी तिनं दूध चोरलं. ती खडी परसात गेली. आत्याचं दुःख वेगळंच होतं. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी. दरसाल तिच्या स्वयंपाकघराची भिंत चिरायची. "गाडीची लई काळजी, अन् बायकूची भित दिसंना," ती म्हणायची. शेवटी मामांनी उन्हाळाभर पाया खणला, काळी माती उपसली, वडारांकडून फोडून घेतलेली खडी भरली आणि नवी भिंत उभी केली. तोवर आत्यानं अंगणात भाकरी थापली, बोटं मोडत. पुढं कितीतरी पावसाळे गेले, भिंतीला केसाएवढीही चीर पडली नाही. आत्या येता-जाता तिच्यावरून हात फिरवी, पण 'बरं झालं' एवढं काही तिच्या तोंडून निघेना. मामा त्या एका शब्दासाठी ताटकळलेले असत. मला त्यांची फार दया येई.

ऐन पावसाळ्यात मामा गेले. आमच्यात गेलेल्याला बसवून पुरतात. मळ्यात खड्डा खणला तर तळाशी पाणी झिरपू लागलं. ते बुजवायला लोक वरून माती लोटू लागले. आत्या उठून घरी गेली आणि परसातली खडी पाटीत भरून डोक्यावर घेऊन आली.

"माती नगा टाकू, चिखुल हुईल. ही पसरा. वल्यात बसाय जमत न्हाय त्यांना."

खडी पसरून होईतो ती खड्ड्याकाठी बसवलेल्या मामांजवळ बसून राहिली. मग त्यांच्या कपाळावरची विभूती नीट करत हळूच म्हणाली, "भित लई चांगली झाली बघा."

हे ऐकायला मामा हवे होते, असं मला अजून वाटतं.