बायको, म्हणजे अक्काची लेक

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरलाय, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग पथ्य काय?" सीमाभागातल्या खटकचिंचोळी गावात खत-बियाण्यांचं दुकान माझं, प्रत्येक रोगावर फवारणी असतेच, अशी समजूत. डॉक्टर हसले नाहीत.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. इंजेक्शनं झाली, केमो झाली, दोन्हींचा जोर ओसरला. मग रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-टू नावाच्या जनुकात जन्मजात दोष निघाला. पेशीतला डीएनए सारखा तुटत असतो, तो दुरुस्त करायचं काम या जनुकाचं. माझ्या कॅन्सरच्या पेशींत ही दुरुस्ती बंद होती. एक नवी गोळी दुरुस्तीची दुसरी वाटही अडवते, मग ती पेशी मरते. त्या गोळीची रुग्णांवर चाचणी चालू होती. मी सही केली.

"हा दोष घराण्यात उतरतो," डॉक्टर म्हणाले. "रक्ताच्या माणसांना तपासून घ्यायला सांगा."

थोरली बहीण, अक्का, छातीच्या कॅन्सरनं गेली, हे मी सांगितलं. दोन्ही भावांना दटावून तपासायला लावलं. दोघंही सुटले. घराणं वाचवल्याच्या थाटात मी गावभर फिरलो.

गोळीनं उलट्या व्हायच्या, अंगातलं रक्त कमी व्हायचं, बाहेरून चढवावं लागायचं. पण हाडातले डाग फिके पडले. प्रत्येक खेपेला बायको, शारदा, डबा घेऊन सोबत.

अशाच एका खेपेला ती डॉक्टरांसमोरच म्हणाली, "मामा, सकाळची गोळी ऱ्हायली न्हवं तुमची?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नवऱ्याला मामा?"

"आमच्याकडं चालतंय सर," मी ऐटीत म्हणालो. "माझ्या अक्काचीच लेक हाय ही."

म्हणालो आणि अक्काचा कॅन्सर आठवला. रक्ताची माणसं मोजताना बायकोही मोजायची असते, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

शारदा खाली बघत म्हणाली, "काखंत गाठ हाय. तुमचंच एवढं चालायलंय, त्यात माझं कामून काढायचं, म्हणून गप ऱ्हायले."

तिच्यातही तोच दोष निघाला. कॅन्सर छातीतून काखेपर्यंत पोचलेला. "तेव्हाच कळलं असतं तर," एवढं बोलून डॉक्टर थांबले. पुढचं मी रोज पुरं करतो.

आमच्यासारख्या घरातल्यांनो, दवाखान्यात नुसतं 'बायको' म्हणून थांबू नका. लग्नाआधी ती तुमची कोण होती, तेही सांगा.

गोळीचे उपकार आहेत, मी उभा आहे. आता बाकड्यावर डबा धरून मी बसतो. केमोच्या खोलीतून ती बाहेर येते, आधी मलाच विचारते, "मामा, गोळी घेतली?"