शब्द सोलणारे मास्तर

मंगळवार पेठेत आमच्या वर एक अरबीचे मास्तर राहत. कानावर पडेल तो शब्द सोलून आतली तीन अक्षरं बोटांवर मोजायची त्यांची खोड. वैताग नुसता!

आज आजी झालेली माझी लेक तेव्हा कुस्तीसाठी हटून बसली होती. तिला समजवायला मीच शहाणी त्यांना घेऊन आले. लेकीच्या तोंडून 'तालीम' ऐकलं आणि ते दारातच थांबले.

"वहिनी, तालीम आणि इल्म एकाच मुळाचे. ऐन, लाम, मीम, ही तीन अरबी अक्षरं. साचा तेवढा वेगळा. इल्म म्हणजे ज्ञान, तालीम म्हणजे शिकवणं."

"मास्तर, पोरीचं नाक मोडंल, एवढं मला मालूम हाय!"

"मालूम! तेबी त्यातलंच की!" त्यांनी आनंदानं दोन्ही हात पसरले.

त्या हातांखालून लेक तालमीला पळाली. मी आपली 'मालूम'मध्ये ल आणि म शोधत उभी.