शारजा ते अल क्वोज: गाळलेला एक परिच्छेद

ताईचा फोन आला, "इरा फिल्म क्लबमध्ये जपानी गुन्हेपटांवर बोलणारे. येतेस?" झालं! पुण्याहून दुबईचं तिकीट काढलं. लोक बुर्ज बघायला जातात, मी सतरा वर्षांच्या भाचीचं भाषण ऐकायला गेले.

ताईचं घर शारजात, क्लब दुबईत अल क्वोजला. शुक्रवारी संध्याकाळी निघालो. भाऊजी गाडी चालवत होते, इरा त्यांच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर फोन सांगेल त्याच्या दुप्पट वेळ धरा. शॉर्टकट म्हणून भाऊजींनी इंडस्ट्रियल एरियात गाडी घातली आणि गॅरेजं, ट्रक, टायरांचे ढीग यांत आम्ही मस्त अडकलो.

तिथेच इरानं सराव सुरू केला. या सिनेमांत बाई बहुतेकदा प्रेत असते, नाहीतर सूड घेणारी. पोलीस असलीच तर मीटिंगमध्ये चहा देणारी. ताई खुदकन हसली. परदेशी कामगार संशयित असतो, पण त्याला संवाद नसतात. भाऊजी मान डोलवत होते. मग आली पुरुष म्हणून जन्मलेली, बाई म्हणून जगणारी बारवाली. भाऊजींनी मान डोलवणं थांबवलं.

"हे बोलायचं नाही."

"बट बाबा, दॅट्स द मेन पॉइंट!"

"इथल्या कायद्यात हे बसत नाही. कुणी रेकॉर्ड करून कम्प्लेंट केली तर? माझा व्हिसा, तुझी शाळा, सगळं खलास!"

"अहो, मुलांचा क्लब आहे," ताई म्हणाली.

"तिथे कोण बसलंय, तुला काय माहीत?"

भाऊजींचा संताप आला होता, पण चुकताय असं ठामपणे म्हणायची माझी हिंमत होईना.

अल क्वोजला सगळी गोदामंच. त्यातल्याच एकात पडदा नि घडीच्या खुर्च्या. बाहेर करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा, दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. जरूर प्या, झकास असतो म्हणे. माझा कप तसाच गार झाला. भाऊजी दाराजवळ उभे राहून कोण फोन वर करतंय ते बघत होते.

इरा छान बोलली. बारवालीपाशी आली आणि थांबली. तिनं दाराकडे पाहिलं. मला वाटलं, भाऊजी डोळे वटारतील. त्यांनी हात जोडले. बापानं चक्क लेकीपुढे हात जोडले हो! इरानं पुढची स्लाइड लावली. टाळ्या पडल्या.

परतताना भाऊजी म्हणाले, "मस्त झालं, बेटा."

"दे कट हर आउट टू, बाबा. जस्ट लाइक दिस."

भाऊजींनी रेडिओ लावला.

मी निघताना इरानं तो परिच्छेद मला पाठवला. ब्लॉगवर टाक म्हणाली. तिच्या इंग्रजीचं हे माझं मराठी:

"बारवालीचं काम पुरुष नटच करतो. ती पहिल्या अर्ध्या तासात मरते, नाहीतर खुनी निघते. चौकशीत पोलीस तिचं जुनं नाव मोठ्यानं वाचतात आणि प्रेक्षक हसतात. मीही हसले होते. मग मी तो सीन आवाज बंद करून पाहिला. ती रडत होती."

पुण्यात आल्यावर हा लेख टाकण्याआधी भाऊजींना फोनवर वाचून दाखवला.

"तिचं नाव नाही ना कुठे?"

"बदललंय. क्लबचंही दिलेलं नाही."

"मग असू दे," ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "बरं लिहिते पोरगी."

मग इराला विचारलं, नाव बदललंय, चालेल ना? माझ्याशी सदानकदा इंग्रजीत बोलणारी ती पोर मराठीत म्हणाली, "चालेल, मावशी. म्हणजे हे कुणीच बोललेलं नाही."