आगीसाठी राखलेलं पाणी

अन्याय झाला तो एका मेंढपाळ बाईवर आणि तिच्या सासऱ्यावर. कधी झाला तेही सांगून टाकतो, कारण गावात आता कुणाला विचारलं तर "झालं असंल कवातरी" असं उत्तर मिळतं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य माथ्यावर यायच्या जरा आधी. जागा म्हणजे वालूरच्या वाटेवरच्या आमच्या गावची वेस, आणि वेशीतून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावरचं एक वावर.

करणारे होते गावच्या स्वयंसेवक दलाचे लोक. गुंड नव्हते. त्यांच्यातले दोघे-तिघे तर रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून आलेले, मार खाल्लेले. वाईट माणसानं वाईट केलं तर त्यावर लिहिण्याची फारशी गरज नसते, लोकांना ते आपोआप कळतं. इथं तसं नव्हतं.

दल का निघालं ते आधी सांगतो. त्याच्या आदल्या वैशाखात गावात आग लागली होती. भर दुपारी एका घरची चूल पेटलेली होती, वाऱ्यानं ठिणगी उचलली आणि कडब्याच्या गंजीवर नेऊन टाकली. एका गंजीवरून दुसरीवर, तिथून गोठ्यांच्या छपरांवर. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं, पोहरा सोडला की गाळ वर यायचा. लोकांनी माती फेकली, आरडाओरडा केला. दाव्याला बांधलेली जनावरं जागच्या जागी जळाली. तालुक्याचा बंब म्हणाल, तर तो आम्ही ऐकून होतो. पाहिला नव्हता.

म्हणून पुढच्या वर्षी पोरांनी दल काढलं आणि उन्हाळ्याची तयारी फाल्गुनापासून केली. सेलूच्या बाजारातून लोखंडी पिंपं बैलगाड्यांत घालून आणली. एक वेशीत ठेवलं, एक चावडीपुढं, एक मारुतीपुढं, बाकीची गल्ल्यांतून. विहिरींना पाणी होतं तोवर ती भरून घेतली, वर लाकडी झाकण आणि झाकणाला कडी. उन्हानं जेवढं उडेल तेवढं रोज पहाटे भरून काढायचे. जळती गंजी ओढायला लांब बांबूंना आकडे बसवले. दलाच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणायचे, समोर मानानं आणि माघारी चेष्टेनं. पण माणूस कामाचा. पहाटे सगळ्यांच्या आधी विहिरीवर तोच असायचा.

नियम दोन. पहिला असा, की दिवस कासराभर वर आला की गावातल्या सगळ्या चुली विझवायच्या, त्या सूर्य मावळेपर्यंत पेटवायच्या नाहीत. विडीकाडीसुद्धा बंद. दुसरा नियम मारुतीपुढं शपथ घेऊन केलेला: आगीचं पाणी आगीलाच. ते पिऊ द्यायचं नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही.

चुलीच्या नियमावर बाया चिडल्या होत्या. रोज कप्तानाची शिट्टी वाजली की आमच्या गल्लीतून आवाज यायचे.

"आलं बाई शिट्टीवालं, झाका चुली!"

"दुपारी सून बाळंत झाली तर पानी उन्हात ठिवून तापवायचं का रं?"

माझी आई राखेवर पाणी शिंपडत म्हणायची, "निजाम गेला, अन् हे आलं." पण विझवायची. आदल्या वर्षीची आग तिनंही पाहिली होती. दुपारी आम्ही सकाळच्या भाकरी खायचो.

आता त्या कुटुंबाबद्दल. दर उन्हाळ्यात ते मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरायचं. पेरणीआधी ज्याच्या वावरात रात्री मेंढरं बसवायची, त्यानं त्यांना ज्वारी द्यायची आणि पाणी पुरवायचं, अशी पद्धत. वावराला लेंड्यांचं खत मिळतं, यांचं पोट भरतं. त्या साली ज्याच्या वावरात मेंढरं बसली होती तो शेतकरी घरचे सगळे घेऊन पालमला लग्नाला गेला होता. त्याच्या विहिरीत चिखल. तेव्हा हे लोक नदीच्या वाळूत झिरा उकरून त्याचं पाणी पीत होते, आणि अक्षय्य तृतीयेच्या रात्री मोकाट गुरांनी तो झिरा तुडवून टाकला.

सकाळी ती बाई घागर घेऊन वेशीत आली. पिंपापाशी दलाचा एक गडी पहाऱ्यावर होता. पुढचं बोलणं मला त्या गड्यानंच सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसत होता.

"दादा, घागरभर पानी द्या. म्हाताऱ्याला लय तहान लागलीय."

"आगीचं हाय ते. हात लावू नगंस."

"आग कुठं लागलीय?"

"लागंल तवा लागंल. ज्याच्या वावरात बसलाव त्याला माग."

"मालक लग्नाला गेल्यात, पालमला."

"मग जा की वऱ्हाडात! जेवायला बी मिळंल."

पारावर बसलेले दोघं-तिघं हसले. बाई रिकामी घागर घेऊन नदीकडं गेली, झिरा नव्यानं उकरत बसली आणि वाटीवाटीनं घागर भरू लागली. नवरा अर्धा कळप घेऊन लांब गेलेला. राहिलेली मेंढरं सासऱ्यानं हाकली. त्या दिवशी वारं असं होतं की उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तोंडावर तव्याची वाफ यावी. म्हातारा मेंढरांमागं चालता चालता बसला आणि मग आडवा झाला. बाई परत आली तेव्हा मेंढरं त्याच्याभोवती माना खाली घालून उभी होती. भरलेल्या अर्ध्या घागरीतलं पाणी तिनं त्याच्या तोंडावर मारलं, पाजायला पाहिलं, ते बाहेर सांडलं. चार काठ्यांवर घोंगडी टाकून तिनं त्याला सावलीत ओढलं आणि पळत आमच्या घरी आली, कारण आमचं घर वेशीजवळचं पहिलं.

आईनं दोन प्रश्न विचारले. घाम येतोय का, आणि बोलतोय का.

"घाम न्हाई, मावशी. बोलायलाय, पर भलतंच बोलायलाय. मेलेल्या बहिणीला हाका मारायलाय."

आईनं दोन कैऱ्या आणि कांदे दिले. रांजणात त्या दिवशीचं प्यायचं जेवढं उरलं होतं तेवढं तांब्यात ओतून दिलं. आमची चूल सकाळीच विझवलेली, त्यामुळं कैरी भाजायची सोय घरात नव्हती. ती म्हणाली, "वावरातच तीन दगडं मांड, कैरी भाज, गर ह्या पान्यात कालव, मीठ-गूळ घालून चमच्या-चमच्यानं पाज. कांद्याचा रस तळपायाला चोळ. अन् अंग वलं ठिव, लुगडं भिजवून टाक अंगावर."

"भिजवू कशात?"

आईनं रिकाम्या रांजणाकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळली. "पत्रकं लय लिव्हतूस. जा, त्या कप्तानाला म्हणावं पिंप उघड."

मी तेव्हा शेतमजुरांच्या चळवळीत होतो आणि पत्रकं लिहीत होतो, हे खरं. मी चावडीवर गेलो. कप्तान तिथं नव्हता. मारुतीपुढं नव्हता. वेशीत आलो तर पिंपाचं झाकण उघडं आणि जमिनीवर वावराकडं गेलेली पाणी सांडल्याची ओळ.

कप्तानाला वावरात धूर दिसला होता. त्यानं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं: शिट्टी वाजवली, कडी काढली, बादली भरली आणि पळाला. मी पोचलो तेव्हा तीन दगडांमध्ये काळा चिखल होता, त्यातून वाफ निघत होती आणि दोन्ही कैऱ्या त्या चिखलात होत्या. वारं गावाकडून वावराकडं वाहत होतं. ठिणगी उडाली असती तर ती नदीत जाऊन पडली असती. हे वावरात उभ्या असलेल्या कुणालाही कळलं असतं.

"दिवस कवाच वर आला," कप्तान दम टाकत म्हणाला. "चूल कामून पेटवली?"

बाईनं एक कैरी चिखलातून काढली, पदराला पुसली. मग बादलीकडं पाहिलं.

"ही कुठनं भरली, दादा?"

"वेशीतल्या पिंपातनं."

"म्हंजी पानी होतं."

तिनं आवाज चढवला नव्हता. घोंगडीखालून म्हाताऱ्यानं कुणाला तरी हाक मारली, तेव्हा कप्तान खाली वाकला आणि त्यानं त्याला पहिल्यांदा पाहिलं. बादलीच्या तळाला उरलं होतं त्यात मी माझा पंचा भिजवून म्हाताऱ्याच्या छातीवर टाकला. तो लगेच गरम झाला. तोवर कप्तान वेशीकडं पळत सुटला होता, पहारेकऱ्याला ओरडत, की सगळं पाणी आण, सगळं. दुसरी बादली आली, तिसरी आली. म्हाताऱ्याच्या अंगावरून ते पाणी वाळलेल्या मातीत जिरत गेलं.

गाडी कप्तानाच्याच घरची जुंपली. सेलूच्या दवाखान्याला निघालो. गाडीवर कडबा, कडब्यावर ओली पोती, त्यावर म्हातारा, आणि उशाला बाई पदरानं वारा घालत. सेलू दिसायच्या आधीच तिचा हात थांबला. कप्तानानं मागं न बघता बैल एका बाभळीखाली उभे केले. आता घाई नव्हती, आणि बैल सकाळपासून उन्हात होते.

माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं लोक जमले. मी उभा राहिलो आणि मागणी केली, की पिंपं प्यायला उघडा, निदान ऊन लागलेल्याला तरी.

कप्तानानं उत्तर दिलं. आदल्या दिवशीचा माणूस तो नव्हता, रात्रीत त्यानं स्वतःला पुन्हा बांधून घेतलं होतं. "दोन गल्ल्या प्याल्या की सांजच्याला पिंप रिकामं. मग आग लागली तर काय, तुझं पत्रक टाकू तिच्यावर?"

लोक हसले. बोलणं मात्र खोटं नव्हतं, एवढं इथं लिहून ठेवतो. वाटीवाटीनं गेलेलं पाणी कुणाला दिसत नाही.

मागून एक जण म्हणाला, "म्हातारं माणूस होतं. आज न्हाई उद्या जायचंच."

"व्हय का?" बायांच्या घोळक्यातून माझ्या आईचा आवाज आला. "तुमी अमरपट्टा बांधून आलाव जनू!"

यावर जास्त हसू झालं. ते ओसरलं तेव्हा मेंढपाळ बाई पायरीखाली उभी असलेली दिसली. सोबत नवरा होता. तो खाली बघत होता.

"मी भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. "गेल्या साली आग लागली तवा आमी हितंच उतरलो होतो. माझ्या सासऱ्यानं धुरात शिरून बैलांची दावी कापली. तवा कुनी म्हन्लं न्हाई, तू गावातला न्हाईस, बाहेर थांब."

ज्याचे बैल त्यानं सोडवले होते, तो माणूस समोरच बसला होता. त्यानं खिशातून विडी काढली, नियम आठवून परत ठेवली.

पाटलांनी निकाल दिला, की पुढल्या उन्हाळ्यापासून वेशीत पिण्याचा वेगळा रांजण ठेवायचा. सगळ्यांनी "बराबर" म्हटलं आणि उठले. कुटुंब त्याच दिवशी मेंढरं घेऊन निघून गेलं. लग्नाहून परतलेला शेतकरी खत अर्धंच झालं म्हणून कुरकुरला.

पुढल्या उन्हाळ्यात रांजण ठेवला खरा, तो वेशीच्या आत. अट अशी, की तिथं येऊन ओंजळीनं प्यायचं, घागर भरून न्यायची नाही. ज्याला ऊन लागतं तो चालत येत नाही, हे मी पुन्हा सभेत सांगितलं. रांजण दिला ना, असं उत्तर मिळालं. त्या साली आग लागली नाही म्हणून तालुक्याच्या साहेबानं दलाची तारीफ केली, गळ्यात हार घातले. ते कुटुंब काही परत आलं नाही. त्या वावरात आता दुसरे कुणी मेंढरं बसवतात आणि नदीचंच पाणी पितात.

कप्तान मला अजून वाटेत भेटतो. टाळत नाही. एकदा आपणहून म्हणाला, "मला धूर दिसला. मानूस दिसला न्हाई." मी त्याला म्हटलं, की मग नियमात माणूस घाल ना. तो म्हणाला, दलातले ऐकणार नाहीत, शपथ मारुतीपुढं घेतलेली आहे.

दलं नकोत असं माझं म्हणणं नाही. आग परत लागेल तेव्हा तीच पोरं धुरात शिरतील, आणि सेलूपासून पालमपर्यंत गावोगाव अशी दलं आता निघत आहेत. तुमच्याही गावात निघालं असेल. तुम्ही वर्गणी दिली असेल, झाडाखाली उभं राहून कवायत पाहिली असेल. तेवढ्यानं भागत नाही. येत्या फाल्गुनात पिंपं भरली जातील तेव्हा तिथं जाऊन उभे राहा. शिवारात कोण उतरलंय, कुणाच्या वावरात, त्यांच्या पाण्याची सोय कोणी केलीय, हे दलाला सगळ्यांदेखत विचारा. सोय नसेल तर पहिली घागर तुम्ही स्वतः उचला, त्यांच्या बिऱ्हाडावर नेऊन ठेवा, आणि तोवर एकाही पिंपाला झाकण घालू देऊ नका.